जर्नलमधला ९.८१ आणि कोल्हापूरचा ९.७८

दोऱ्याला धातूचा गोळा बांधायचा, तो हलकेच झुलवायचा, स्टॉपवॉच लावून वीस दोलनं मोजायची आणि सूत्रात आकडे घालून गुरुत्व त्वरण काढायचं. साध्या लंबकाचा हा प्रयोग विज्ञान शाखेतून इंजिनिअरिंगकडे गेलेल्या बहुतेकांनी केलेला असतो. जर्नलमध्ये उत्तरही बहुतेकांचं सारखंच असतं: ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग. फार तर कुणाचं ९.८०, कुणाचं ९.८२. उत्तर जुळलं की सही मिळते आणि जर्नल बंद होतं.

कोल्हापुरात मात्र गुरुत्व त्वरण ९.८१ नाही, साधारण ९.७८ आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि विषुववृत्तापाशी थोडी फुगलेली आहे. त्यामुळे हे मूल्य ध्रुवांवर सुमारे ९.८३ असतं आणि विषुववृत्तावर सुमारे ९.७८. कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर आहे आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. दोन्हींचा हिशेब मांडला की उत्तर ९.७८ च्या जवळ येतं. ९.८१ हा लंडन-पॅरिसकडच्या अक्षांशांचा आकडा आहे. पाठ्यपुस्तकांतून तो आपल्याकडे आला आणि इथेच राहिला.

मग कोल्हापुरातल्या इतक्या जर्नलांत तो आला कुठून? उत्तर आधी ठाऊक होतं आणि रीडिंग त्याला जुळवून घेतली, म्हणून आला. प्रॅक्टिकलमधून जे शिकायचं, ते या जुळवण्यातच हातचं जातं. काय जातं, ते याच लंबकावर दाखवतो.

लंबकाची लांबी बरोबर एक मीटर धरू. गुरुत्व त्वरण ९.७८ असेल तर एका दोलनाला २.००९ सेकंद लागतात आणि ९.८१ असेल तर २.००६. फरक सेकंदाच्या तीन सहस्रांशांचा. वीस दोलनांत तो साचून होतो ०.०६ सेकंद. स्टॉपवॉचचं बटण दाबताना बोटाची चूक सहज ०.१ ते ०.२ सेकंदाची असते. म्हणजे वीस दोलनं मोजणाऱ्या विद्यार्थ्याला ९.७८ आणि ९.८१ हे दोन आकडे वेगळे ओळखता येणंच शक्य नाही. त्याचं प्रामाणिक उत्तर 'सुमारे ९.८, त्यात एक दशांश कमी किंवा जास्त' एवढंच असू शकतं. दशांश चिन्हानंतरचा दुसरा अंक लिहिण्याचा अधिकार त्या प्रयोगाने त्याला दिलेलाच नाही.

आता शंभर दोलनं मोजा. दोन्ही वेळांतला फरक ०.३ सेकंद होतो. बोटाच्या चुकीतून तो वर डोकावतो आणि कोल्हापूरचं मूल्य दिसू शकतं. पण एक अडचण सुटली की दुसरी उभी राहते. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, हुकापर्यंत नाही, आणि तिच्यात एक मिलिमीटरची चूक झाली तर उत्तर ०.०१ ने हलतं. झोका मोठा दिला तर दोलनाला किंचित जास्त वेळ लागतो. दहा अंशांचा झोका शंभर दोलनं तसाच टिकला, तर एकूण वेळ जवळपास ०.३८ सेकंदाने वाढेल. ज्या फरकाच्या शोधात आपण आहोत त्यापेक्षाही हे जास्त आहे. असा मोठा झोका देऊन एखाद्याचं उत्तर ९.७८ च्या आसपास आलं, तरी ते बरोबर म्हणता येणार नाही, कारण ते चुकीच्या वाटेने आलं.

किती दोलनं मोजायची, कोणती चूक मोठी, कोणती सोडून दिली तरी चालेल, आलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे सगळं ठरवणं म्हणजे प्रॅक्टिकल. त्यासाठी लागलं काय? एक दोरा, एक गोळा आणि एक घड्याळ. महागडी यंत्रसामग्री नाही म्हणून प्रॅक्टिकल नीट होत नाही, ही तक्रार मला म्हणूनच अर्धीच पटते.

वर्कशॉप वेगळं, लॅब वेगळी

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉप असतं. फिटिंगचा जॉब, सुतारकाम, वेल्डिंग. तिथे हात तयार होतो. कानस कशी धरायची, करवत कुठे अडते, मापाला मटेरियल कसं उतरवायचं. कोल्हापूरला हे शिक्षण कॉलेज येण्याआधीपासून माहीत आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या पिढ्या यंत्र उघडून, बघून, पुन्हा जोडूनच तयार झाल्या. त्याच्याही आधी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात स्वतः बनवला होता. बघून बनवण्याची ही विद्या मोठी आहे आणि पदवीपेक्षा ती कमी मानण्याचं काही कारण नाही.

लॅबचं काम त्यापुढचं आहे. मिस्त्रीला कळतं की हा भाग टिकणार नाही. तो का टिकणार नाही, किती लोडला तुटेल, दुसऱ्या मटेरियलचा केला तर काय होईल, आणि हे परगावच्या ग्राहकाला कागदावर पटवून कसं द्यायचं, ते मोजमापातून येतं. अनुभव त्या माणसाजवळ राहतो, पण नीट घेतलेलं माप दुसऱ्याच्या हाती सोपवता येतं. एकाच्या मापावर दुसऱ्याला निर्णय घेता येतो, तोही त्या माणसाला न भेटता. आज कोल्हापुरात ओतलेलं कास्टिंग दूरच्या ट्रॅक्टर कारखान्यात बसतं, ते याच भरवशावर.

अभ्यासक्रमात या कामाला जागा किती? तंत्रशिक्षण परिषदेच्या रिवाजाप्रमाणे आठवड्यातला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक आणि दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक श्रेयांक. २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात चार वर्षांची पदवी १६० श्रेयांकांची आहे. लॅबमधल्या तासाचं वजन असं कागदावरच वर्गातल्या तासाच्या निम्मं धरलेलं आहे. विद्यार्थी हुशार असतात. कुठे किती जीव ओतायचा, याचा हिशेब ते पहिल्याच सत्रात करून टाकतात.

अडचण फक्त आपल्याकडचीही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंजिनिअरिंगमध्ये गणित आणि विज्ञान वाढवायला हवं असा विचार जोर धरू लागला. अमेरिकेत १९५५ च्या ग्रिंटर अहवालाने त्याला दिशा दिली. विज्ञान वाढलं ते योग्यच झालं, पण हाताने करायचं काम हळूहळू मागे पडलं. पुढे अडचण अशी झाली की लॅबमध्ये नेमकं काय शिकवायचं, हेच कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. २००२ मध्ये सॅन डिएगो इथे जाणकार शिक्षक त्यासाठी एकत्र बसले आणि त्यांनी लॅबची १३ उद्दिष्टं ठरवली. उपकरण हाताळणं, विदा म्हणजे डेटा तपासणं, सिद्धांत आणि वास्तव यांतलं अंतर ओळखणं या अपेक्षित गोष्टी त्यात आहेतच. पण अपयशातून शिकणं, नोंदींतला प्रामाणिकपणा आणि स्वतःच्या इंद्रियांनी आलेली माहिती वापरणं हेही तिथे वेगळं नमूद केलेलं आहे. या शेवटच्या तीन गोष्टींना आपल्या टर्मवर्कच्या तक्त्यात गुण किती असतात, ते ज्याने त्याने आपापल्या कॉलेजात बघावं.

सळई किती ताणली?

दुसऱ्या वर्षाचं लोकप्रिय प्रॅक्टिकल म्हणजे यूटीएमवरची (युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवरची) ताण चाचणी. माइल्ड स्टीलची सळई दोन्ही टोकांना पकडायची आणि तुटेपर्यंत ओढायची. तुटताना मोठा आवाज येतो, म्हणून सगळी बॅच जमते.

सळईचा व्यास दहा मिलिमीटर आहे असं धरू. तिच्यावर साधारण ८०० किलोचा ओढा दिला, तर ५० मिलिमीटर लांबीत ती किती वाढेल? स्टीलच्या स्थितिस्थापकतेवरून हिशेब येतो ०.०२५ मिलिमीटर. नेहमीच्या वर्निअरचा लीस्ट काउंटच, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर असतो. म्हणजे ही वाढ वर्निअरने मोजणं हे स्वतःची फसवणूक करणं आहे. त्यासाठी सळईवरच बसवायचा एक्स्टेन्सोमीटर लागतो.

बऱ्याच ठिकाणी काय करतात? मशीनचा सरकता भाग किती सरकला त्यावरून वाढ काढतात. त्या सरकण्यात सळईची वाढ असते, तसंच पकडीतलं घसरणं आणि मशीनच्या सांगाड्याचं ताणलं जाणंही असतं. साहजिकच स्टीलच्या स्थितिस्थापकतेचं काढलेलं मूल्य पुस्तकातल्या मूल्यापेक्षा कितीतरी कमी येतं. विद्यार्थी घाबरतो, 'सर, उत्तर चुकलंय, काय करू?' म्हणतो आणि बहुतेक वेळा त्याला मागच्या बॅचचं जर्नल बघायला सांगितलं जातं. खरं तर त्या क्षणी त्याच्या हातात त्या दिवसातली सगळ्यात मोलाची गोष्ट आलेली असते. आपण सळई मोजतोय असं वाटत होतं, आणि प्रत्यक्षात सळई आणि मशीन दोन्ही मिळून मोजली जात होती. हे एकदा नीट कळलेला इंजिनिअर पुढे कुठलंही यंत्र वापरताना विचारतो की यातला माझा भाग किती आणि यंत्राचा किती.

याच मशीनवर त्याच दिवशी बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, तुकडाही ओढून बघावा. स्टीलची सळई तुटण्याआधी मधेच बारीक होते. बीड अजिबात इशारा देत नाही. सपाट, करड्या भेगेने ते एकदम तुटतं. पण त्याच बिडावर दाब दिला तर ओढण्याच्या कित्येक पट भार ते सोसतं. मशीनचा पाया बिडाचा का करतात आणि क्रेनचा हुक का करत नाहीत, हे दोन तुटलेले तुकडे हातात घेतले की कायमचं कळतं.

इंजिनच्या चाचणीत अशीच एक दडलेली गोष्ट आहे. शेतातल्या ऑइल इंजिनांनी ज्या गावाचं नाव केलं, तिथे तरी ती प्रत्येकाला माहीत असावी. डिझेल जाळून मिळालेल्या उष्णतेतली किती शाफ्टवर आली, किती थंड करणाऱ्या पाण्यात गेली, किती धुरातून गेली, असा ताळेबंद मांडतात. शेवटची ओळ असते 'हिशेबात न आलेली हानी'. ही ओळ कुणी मोजत नाही, बाकीची बेरीज शंभरातून वजा करून ती काढतात. त्यामुळे ताळेबंद नेहमीच शंभरावर जुळतो, मग पाण्याचं माप चुकलेलं असो की तापमानाचं. सगळ्या ओळींच्या चुका त्या शेवटच्या ओळीत जाऊन बसतात. ताळेबंद जुळला म्हणून समाधानाने वही मिटणाऱ्या विद्यार्थ्याला व्हायवात पहिला प्रश्न विचारायला हवा की ही शेवटची ओळ कुठून आणलीस?

वाळूची परीक्षा

कोल्हापुरात लॅबचं महत्त्व समजावून सांगायला वाळूइतकं चांगलं उदाहरण नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्रींत रोज किती साचे पडतात आणि मोडतात! साच्याची ओली वाळू, म्हणजे ग्रीन सँड, वरवर साधी दिसते. सिलिका वाळू, तिला चिकटून ठेवणारं बेंटोनाइट, थोडी कोळशाची पावडर आणि पाणी. पाण्याचं प्रमाण साधारण तीन-चार टक्के. ते कमी पडलं तर साचा ढासळतो, कडा झडतात. जास्त झालं तर तापलेल्या धातूने त्याची वाफ होते, तिला वाट मिळाली नाही तर ती कास्टिंगच्या पोटात शिरते आणि ब्लो होल, म्हणजे आतल्या पोकळ्या, होतात.

वाफेला वाट मिळेल की नाही, हे परमिअ‍ॅबिलिटीची चाचणी सांगते. दोन इंच व्यासाचा आणि दोन इंच उंचीचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा, वाळूचा नमुना करतात. तो ठराविक वजनाचे तीन ठोके देऊन ठोकतात. मग त्यातून २००० घनसेंटीमीटर हवा जायला किती वेळ लागतो, ते बघतात. तीन ठोके म्हणजे तीनच. चौथा ठोका पडला तर वाळू अधिक दाबली जाते, हवा हळू जाते आणि कारखान्यातली वाळू बिघडली असं कागद सांगतो. वाळू मात्र तीच असते.

कॉलेजच्या लॅबमध्ये हे प्रॅक्टिकल अर्ध्या तासात उरकतं. एक नमुना, एक रीडिंग, एक सही. त्याऐवजी एकाच वाळूचे पाच नमुने पाच मुलांनी करावेत. पाच आकडे वेगवेगळे येतील. आता ठरवा, वाळूत फरक आहे की हातांत? मग एकाच मुलाने पाच नमुने करावेत. आकडे जवळ आले तर फरक हातांचा होता. न आले तर वाळू नीट मिसळलेली नव्हती, किंवा पहिला नमुना करून शेवटचा करेपर्यंत ती सुकत गेली. पुढे नोकरीत हाच प्रश्न रोज सकाळी समोर येतो. पावसाळ्यात नवी वाळू ओलसर येते, भट्टीकडून परत आलेली वाळू गरम असते आणि तिच्यातलं पाणी बघता बघता उडतं. आकडा हलला की पाणी वाढवायचं की थांबायचं? हलणाऱ्या प्रत्येक आकड्यामागे धावून पाणी कमी-जास्त करणारा माणूस वाळू आणखी बिघडवतो. आकड्याचा नेहमीचा चढउतार किती आणि खरा बदल कोणता, हे ज्याला कळतं तो थांबू शकतो.

चुकीची किंमतही लगेच दिसत नाही. ब्लो होल बहुतेक वेळा कातडीखाली असतो. कास्टिंग साफ होतं, रंग लागतो, ग्राहकाकडे जातं आणि तिथे मशिनिंग करताना भोक उघडं पडतं. तोवर त्या वाळूचे शेकडो साचे पडून गेलेले असतात. चुकीच्या रीडिंगपासून रिजेक्शनपर्यंतचं हे अंतर विद्यार्थ्याला दिसलं, तर रीडिंग छापण्याची सवय त्याला स्वतःलाच टोचू लागेल.

इंद्रियांनी आलेल्या माहितीचा उल्लेख वर आला. फाउंड्रीत त्याचा सुंदर नमुना आहे, वेज चाचणी. भट्टीतलं थोडं बीड पाचरीच्या आकाराच्या साच्यात ओततात, निवल्यावर तोडतात आणि तुटलेली बाजू बघतात. पातळ टोक लवकर थंड होतं म्हणून तिथे बीड पांढरं आणि कडक होतं, जाड बाजूला ते करडं राहतं. पांढरा पट्टा किती रुंद आला, यावरून भट्टीतल्या धातूचा स्वभाव काही मिनिटांत कळतो. रासायनिक पृथक्करणाचं यंत्र असलेल्या कारखान्यांतही जाणते लोक ही पाचर तोडून बघतात, आणि ते बरोबर करतात. पुस्तकात कार्बन आणि सिलिकॉनचं गणित शिकलेल्या मुलाने पाचर तोडून तो पट्टा डोळ्यांनी पाहिला, की गणिताला अर्थ येतो.

बदलायचं काय

एका मशीनभोवती वीसेक मुलं उभी असतात. एक चाक फिरवतो, एक आकडा वाचतो, एक लिहितो आणि बाकीचे नंतर फोनवर फोटो घेतात. त्यात शिक्षकांवर कागदपत्रांचा भार आणि लॅब असिस्टंटच्या रिकाम्या जागा. अडचणी खऱ्या आहेत. तरी काही गोष्टी पैशांशिवाय होतात. सुरुवात करण्याआधी प्रत्येकाने अपेक्षित उत्तर अंदाजाने लिहावं. रीडिंग थेट पेनाने लिहावीत आणि चुकलेलं खोडून ठेवावं, रबराने पुसू नये. उत्तरासोबत त्याची मर्यादा लिहिली नसेल तर सही करू नये. आणि पुस्तकाशी न जुळलेल्या उत्तराचं कारण शोधणाऱ्याला जुळवून आणलेल्या उत्तरापेक्षा जास्त गुण द्यावेत. ही शेवटची गोष्ट मी सगळ्यांत महत्त्वाची मानतो. जोवर गुण उत्तराला आहेत, तोवर मुलं उत्तरच आणून देतील.

इंजिनिअरिंग पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, तेव्हापासून मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत प्रयोग आखणं आणि विदेचा अर्थ लावणं ही कौशल्यं दाखवावी लागतात. बऱ्याचदा ती तक्ते भरून दाखवली जातात. त्यापेक्षा शेजारच्या फाउंड्रीतून नाकारलेली कास्टिंगं मागून आणावीत आणि मुलांना कापून बघू द्यावीत. असे तुकडे रोज वितळवायला परत भट्टीत जातात. दोन-चार दिवसांसाठी ते कॉलेजात आले तर कुणाचंच काही बिघडत नाही.

आभासी प्रयोगशाळांबद्दलही सांगायला हवं. केंद्र सरकारच्या प्रकल्पातून आयआयटी आणि इतर संस्थांनी तयार केलेल्या व्हर्च्युअल लॅब मोफत उपलब्ध आहेत आणि करोनाच्या काळात त्यांचा मोठा आधार झाला. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री तिथे एकदा फिरून आलेला विद्यार्थी मशीनसमोर गोंधळत नाही. पण पडद्यावर पकड घसरत नाही, वाळू सुकत नाही, चौथा ठोका चुकून पडत नाही. बनवणाऱ्याने जेवढ्या चुका त्यात घातल्या, तेवढ्याच तिथे होतात. म्हणून ती तयारीसाठी वापरावी, प्रत्यक्ष कामाच्या जागी नाही.

सीईटीचा निकाल लागला की पालक कॉलेजं बघत फिरतात. इमारत, प्लेसमेंटचा फलक, वसतिगृह बघून होतं. लॅबमध्ये गेलात तर यंत्रावरची कॅलिब्रेशनची, म्हणजे माप बरोबर येतं का हे तपासल्याची, चिठ्ठी शोधा आणि तिच्यावरची तारीख वाचा. एका सेटअपवर किती मुलं असतात ते तिथल्या मुलांनाच विचारा. यंत्राच्या बटणांभोवतीचा रंग हातांनी झिजलाय का ते पाहा, कारण वापरलेलं यंत्र वापरलेलं दिसतं. आणि शक्य झालं तर एकाच बॅचची चार जर्नलं शेजारी शेजारी ठेवून एकाच प्रयोगाचे आकडे बघा. चारही जर्नलांत आकडे थोडे थोडे वेगळे असतील आणि कुठे कुठे खोडलेले असतील, तर तिथे प्रॅक्टिकल होतं.